पालिकेचं अंदाजपत्रक वेगळं, पणजीवर होणारा खर्च वेगळा

मार्चमध्ये पणजी महापालिकेचं अंदाजपत्रक मांडलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र हातात घेऊन कुणी ना कुणी विचारतंच, "शहरासाठी शेकडो कोटी आले म्हणतात, मग पालिकेच्या आकड्यांत ते दिसत का नाहीत?" प्रश्न रास्त आहे. फक्त विचारणाऱ्याच्या मनात दोन हिशेब एकमेकांत मिसळलेले असतात. एक महापालिकेचा स्वतःचा जमाखर्च, आणि दुसरा पणजी शहरात सरकारी यंत्रणा मिळून करतात तो खर्च. या दुसऱ्यातला गेल्या काही वर्षांतला सर्वांत मोठा बोलबाला स्मार्ट सिटीचा. दोन्ही पैसे त्याच रस्त्यावर खर्च होतात, म्हणून गोंधळ होतो. पण त्यांचा उगम वेगळा, मंजुरी देणारे वेगळे आणि मुदतही वेगळी.

आधी पालिकेकडे पाहू. २००२ च्या कायद्याने पणजीची नगरपालिका महानगरपालिका झाली. राज्यातल्या बाकीच्या १३ नगरपालिका आजही १९६८ च्या कायद्याखाली चालतात. पालिकेच्या पेटीत येणारा पैसा आपल्या ओळखीचा आहे: घरपट्टी, व्यापार परवान्याचं शुल्क, बाजारातल्या गाळ्यांचं भाडं, जाहिरात फलक, पे पार्किंग, आणि बाजारात टोपली मांडून बसणाऱ्या मासेवालीकडून, भाजीवालीकडून घेतला जाणारा सोपो. त्यात राज्य सरकारची अनुदानं आणि वित्त आयोगाचा हिस्सा मिळवायचा. या शेवटच्या पैशावरही अटी असतात. पंधराव्या वित्त आयोगाने पणजीसारख्या दहा लाखांहून लहान शहरांसाठी अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेच्या कामांना बांधून ठेवला होता. मोकळेपणाने वापरायला ४० टक्केच.

खर्चाची बाजू बघितली की पालिका म्हणजे काय ते कळतं. सफाई कामगारांसह सगळ्यांचे पगार, निवृत्तिवेतन, कचऱ्याच्या गाड्या, त्यांचं डिझेल, पावसाळ्याआधीची गटारसफाई, बाजार, बागा, स्मशानभूमी. हे सगळं दरवर्षी, दर महिन्याला लागतं. दारोदार फिरून वर्गीकरण केलेला कचरा उचलण्याची जी पद्धत पणजीने रुजवली, तिची इतर शहरांत वाखाणणी होते, पण ती एकदा उद्घाटन करून संपणारी गोष्ट नाही. उद्या सकाळी पुन्हा गाडी निघावीच लागते. अशा खर्चाला महसुली खर्च म्हणतात, आणि माझ्या मते शहराचं खरं आरोग्य याच रकान्यांत दिसतं.

आता स्मार्ट सिटी. केंद्राने ही मोहीम जून २०१५ मध्ये सुरू केली आणि २०१६ मध्ये पणजीची निवड झाली. मोहिमेची रचना मुद्दाम वेगळी ठेवलेली होती. पैसा पालिकेच्या तिजोरीतून खर्च करायचा नव्हता, त्यासाठी कंपनी कायद्याखाली स्वतंत्र कंपनी काढायची होती. पणजीत तिचं नाव इमॅजिन पणजी स्मार्ट सिटी डेव्हलपमेंट लिमिटेड. नियमाप्रमाणे अशा कंपनीत राज्य सरकार आणि पालिका निम्मे-निम्मे भागीदार. निविदा काढणार कंपनी, करार करणार कंपनी, बिलं चुकवणार कंपनी. कामं मंजूर करणारं संचालक मंडळ. पालिकेची आमसभा नव्हे. २०२४ मध्ये खोदकामाच्या धुळीचा विषय मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला तेव्हा हा फरक अनेकांना पहिल्यांदा जाणवला, कारण तोवर तक्रार घेऊन लोक आपापल्या नगरसेवकाकडेच जात होते आणि करारावर सही मात्र त्याची नव्हती.

एक आकडा मला फार बोलका वाटतो. केंद्राने निवडलेल्या प्रत्येक शहरासाठी मदतीची मर्यादा एकच ठेवली: पाच वर्षांत ५०० कोटी रुपये, आणि तेवढाच वाटा राज्य व स्थानिक संस्थेने घालायचा. पुण्यालाही ५०० कोटी, पणजीलाही ५०० कोटी. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांवर होती, पणजीची सुमारे ४० हजार. म्हणजे केंद्राच्या मर्यादेपुरतं बोलायचं तर पुण्यात माणशी साधारण १,६०० रुपये आणि पणजीत माणशी सव्वा लाख. हे ऐकून आनंद व्हावा अशीच गोष्ट आहे, पण मला त्यात काळजीही दिसते. उभं राहिलेलं सगळं उद्या सांभाळायचं ते ४० हजारांच्या घरपट्टीवर. त्यात रोज सकाळी म्हापसा, फोंडा, मडगावहून कामाला येणारे हजारो लोक आणि मांडवीकाठचे पर्यटक. कचरा ते पणजीत करतात, घरपट्टी दुसरीकडे भरतात. यात त्यांचा दोष नाही, राजधानीचं शहर असंच असतं. पण हिशेब मांडताना हे विसरून चालत नाही.

दोन पैशांमधला खरा फरक इथे येतो. स्मार्ट सिटीचा पैसा भांडवली: एकदाच येतो, वस्तू उभी करतो आणि थांबतो. मोहिमेची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली. पालिकेचा पैसा चालू राहणारा: लहान, पण न थांबणारा. समजा एका कोपऱ्यावर स्मार्ट सिटीतून सुरेख बाग झाली, बसायला बाकं आली, फरसबंदी झाली. उद्घाटनाच्या दिवशी ती ज्या खात्यावर होती, त्या खात्यावर ती कायम राहत नाही. कंत्राटदाराची दुरुस्तीची हमी संपली की माळी, पाणी, तुटलेली फरशी, रात्रीचा पहारेकरी हे सगळं कुणाच्या तरी महसुली खर्चात शिरतं, आणि बहुतेक वेळा तो कुणीतरी म्हणजे पालिका. भेट म्हणून आलेल्या गाईलाही रोज वैरण लागते.

हस्तांतरण हा शब्द म्हणूनच महत्त्वाचा. कुठलं काम पालिकेच्या ताब्यात आलं, कुठलं अजून कंपनीकडे आहे आणि कुठलं साबांखाकडे (राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे) गेलं, हे लिहून ठेवलेलं नसेल तर पहिल्या पावसात उखडलेल्या फरशीसाठी तीन कार्यालयांच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

तिसरीही एक पेटी आहे, तिच्याबद्दल थोडक्यात. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत पालिकांकडे द्यावेत अशा १८ विषयांत पाणीपुरवठा आहे, पण गोव्यात नळाचं पाणी राज्य सरकारच देतं. वीजही राज्याच्या वीज खात्याची. कला अकादमीचं नूतनीकरण साबांखाने केलं. म्हणून नळ कोरडा पडला तर पालिकेच्या अंदाजपत्रकात उत्तर शोधू नये. ते विधानसभेत मांडल्या जाणाऱ्या राज्याच्या अर्थसंकल्पात आहे.

मग प्रस्तावित अंदाजपत्रक हाती आलं की काय बघायचं? बातमीत सहसा "शिलकी अंदाजपत्रक" हा मथळा असतो. त्या शिलकेवर मी फारसा विसंबत नाही. सुरुवातीची शिल्लक आणि अजून न आलेली अनुदानंही जमेच्या बाजूला धरलेली असू शकतात, आणि ती आली नाहीत की शिल्लक कागदावरच राहते. त्यापेक्षा तीन रकाने शेजारी ठेवावेत: गेल्या वर्षी प्रत्यक्ष किती खर्च झाला, चालू वर्षाचा सुधारित अंदाज किती, पुढच्या वर्षाची तरतूद किती. एखाद्या कामाला दरवर्षी मोठी तरतूद आणि प्रत्यक्ष रकान्यात नाममात्र रक्कम दिसली, तर तो प्राधान्यक्रम बोलण्यापुरता आहे असं समजायला हरकत नाही. घरपट्टीचंही तसंच. मागणी किती आणि वसुली किती, हे दोन आकडे एकत्र वाचावेत.

त्यानंतर "देखभाल व दुरुस्ती" या शीर्षावर बोट ठेवावं. गेल्या दोन-तीन वर्षांत शहरात इतके पदपथ, इतक्या बागा, इतकी यंत्रणा वाढली असताना ही रक्कम जवळपास तेवढीच राहिली असेल, तर नव्या गोष्टी सांभाळायला पैसे धरलेले नाहीत असाच त्याचा अर्थ. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला अंदाजपत्रकाच्या बैठकीआधी भेटून हे विचारता येतं: आपल्या प्रभागातली स्मार्ट सिटीची कुठली कामं पालिकेने ताब्यात घेतली, आणि त्यांच्यासाठी कुठल्या शीर्षाखाली किती रक्कम ठेवली? उत्तर मिळालं नाही तर २००५ चा माहिती हक्क कायदा आहेच. अर्ज मात्र दोन करावे लागतील, एक पालिकेला आणि एक कंपनीला.