आमदार, महामंडळ आणि रुग्णालयाचं कंत्राट: अपात्रतेच्या नियमाची पार्श्वभूमी

सरकारी रुग्णालयाच्या कंत्राटात आमदाराचे हितसंबंध असल्याची ओरड झाली की सदस्यत्व रद्द करण्याची मागणी ठरलेलीच. ती क्वचितच तडीस जाते. पुरावे हाती लागत नाहीत हे एक कारण झालं. पण मुळात कायद्यातलं कलमच काळाच्या ओघात इतकं आकसलं आहे की आजची बहुतेक आरोग्य कंत्राटं त्याच्या कक्षेत येतच नाहीत.

सगळ्यात जुना आणि अजूनही कडक नियम नगरसेवकांचा. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यानुसार पालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, स्वतःचा किंवा भागीदाराचा हिस्सा असेल तर पद जातं. कंपनीतले शेअर, वर्तमानपत्रातल्या जाहिराती, नेहमीच्या धंद्यातल्या मालाची किरकोळ विक्री असे अपवाद तिथेही आहेत. तरीही परळच्या पालिका रुग्णालयाला भागीदारीतून माल पुरवणारा नगरसेवक सहज अडकतो. भायखळ्याच्या सरकारी रुग्णालयाच्या बाबतीत आमदाराला मात्र पुष्कळ मोकळीक आहे.

सुरुवातीला तसं नव्हतं. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात सरकारला माल पुरवणं, सरकारने हाती घेतलेली कामं करणं आणि सेवा देणं, तिन्हींचा उल्लेख होता. अशा कंत्राटात नुसता ‘हिस्सा किंवा हितसंबंध’ असला, मग तो दुसऱ्याच्या नावावर का असेना, तरी अपात्रता लागू व्हायची. पहिल्या निवडणुकीत भंडाऱ्यातून लोकसभेवर गेलेल्या एका उमेदवाराची फर्म सैन्याच्या कॅन्टीनना बिड्या पुरवत होती. तेवढ्यावरून १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अपात्र ठरवलं. कंत्राट घटनेने सांगितलेल्या रीतीने झालेलं नव्हतं, हा बचावही चालला नाही. पुढच्या वर्षी मद्रासकडच्या एका प्रकरणात टपालाच्या थैल्या वाहून नेण्याचं कंत्राटही सेवा म्हणून धरलं गेलं.

१९६६ पर्यंतच्या दुरुस्त्यांमध्ये हे सगळं गळालं. आज कलम ९-अ मध्ये उरलं आहे ते एवढंच: उमेदवाराने स्वतः, आपल्या धंद्याच्या ओघात, सरकारला माल पुरवण्याचं किंवा सरकारने हाती घेतलेलं काम करण्याचं केलेलं आणि अजून चालू असलेलं कंत्राट. दुसऱ्याच्या नावावर ठेवलेला हिस्सा सुटला. कंपनीने घेतलेलं कंत्राट सुटलं, कारण कायद्याच्या लेखी कंपनी ही वेगळी व्यक्ती. माल पोचवून झाला असेल आणि फक्त बिल थकलं असेल तर तेही कंत्राट चालू धरत नाहीत. आपलंच बिल थकवणाऱ्या खात्याच्या खर्चाच्या मागण्यांवर सभागृहात मत देणाऱ्याचा हितसंबंध संपला, असं हे कलम मानतं.

सगळ्यात मोठं नुकसान ‘सेवा’ वगळल्याने झालं. त्या काळी रुग्णालयाची खरेदी म्हणजे औषधं, चादरी, उपकरणं. आता जिल्हा रुग्णालयात पाऊल टाकलं तर दारातला सुरक्षारक्षक कंत्राटी, फरशी पुसणारी बाई कंत्राटी, धुलाई बाहेरची. सीटी स्कॅन आणि डायलिसिस कित्येक ठिकाणी खासगी भागीदारीत, आणि २०१४ पासून धावणारी १०८ ची रुग्णवाहिकाही खासगी कंपनीकडे. यातलं काहीच ‘माल’ नाही, आणि ‘काम’ म्हणायचं तर शब्द फारच ताणावा लागतो.

याहून वादाचा ठरावा असा निकाल २००६ चा. महाराष्ट्रातल्या एका आमदाराची मराठवाड्याच्या सिंचन महामंडळाशी कंत्राटं होती. महामंडळ म्हणजे सरकारच नव्हे का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने नाही म्हटलं. मूलभूत हक्कांच्या संदर्भात असं महामंडळ ‘राज्य’ ठरू शकतं, पण कलम ९-अ मधलं ‘सरकार’ ते नव्हे. त्याचं कायदेशीर अस्तित्व स्वतंत्र आहे. मतदारांनी निवडून दिलेल्या माणसाचं पद काढून घेणारं कलम काटेकोर वाचलं पाहिजे, हे तत्त्व जुनं आहे आणि त्यात वजनही आहे. कलमात नसलेला शब्द न्यायालयाने घालावा, अशी अपेक्षा कुणी करणार नाही. पण अशा महामंडळाचा पैसा प्रामुख्याने राज्याच्या अर्थसंकल्पातून येतो आणि अध्यक्षपदी खात्याचे मंत्री असतात. ज्यांच्यावर प्रभाव पडेल म्हणून हा नियम केला, तीच माणसं दोन्हीकडे बसलेली असताना नुसत्या पाटीवरून फरक करणं पटत नाही. ही फट संसदेने बुजवायला हवी होती. ती आजही तशीच आहे.

आरोग्याशी याचा संबंध पुढच्या दशकात आला. त्याच्या बऱ्याच आधी, १९८६ मध्ये, भायखळ्याच्या सरकारी रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलने १४ रुग्ण दगावले. चौकशी आयोगाने खरेदीपासून परवान्यांपर्यंतची साखळी उघडी पाडली आणि आरोग्यमंत्र्यांना जावं लागलं. तरी त्यानंतरही खरेदी त्या त्या खात्याकडेच राहिली. २०१७ मध्ये राज्याने ती परळच्या सरकारी जैवऔषध महामंडळाकडे एकवटली आणि २०२३ मध्ये कायदा करून स्वतंत्र प्राधिकरण नेमलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयातल्या मृत्यूंनंतर उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा चर्चा औषधटंचाईची आणि प्राधिकरणाला पूर्णवेळ प्रमुख नसल्याची झाली. ती व्हायलाच हवी होती. पण २००६ चा तर्क लावला तर विभागाशी केलेलं औषधाचं कंत्राट आमदाराला अपात्र करू शकतं आणि महामंडळाशी केलेलं तेच कंत्राट करू शकत नाही, या मुद्द्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

अधिकाऱ्यांवरचं बंधन यापेक्षा स्पष्ट आहे. १९७९ च्या वर्तणूक नियमांनुसार घरचं माणूस ज्या फर्ममध्ये आहे तिची फाइल अधिकाऱ्याने हाताळायची नसते, ती वरिष्ठांकडे द्यायची असते.

मंत्र्यांसाठी १९६४ ची आचारसंहिता आहे. कायद्यातून गळालेलं तिच्यात शाबूत आहे: सरकारला ‘किंवा सरकारी उपक्रमांना’ माल ‘किंवा सेवा’ पुरवणाऱ्या धंद्यातले हितसंबंध मंत्र्याने सोडावेत. यातला एक अपवाद म्हणजे धंद्याच्या नेहमीच्या ओघात आणि बाजारभावाने केलेला पुरवठा. निविदेतला सर्वात कमी दर बाजारभाव म्हणून दाखवता येतो, त्यामुळे हा अपवाद छोटा नाही. शिवाय ही संहिता मोडल्यास कायद्याने शिक्षा नाही, आणि राज्यातले मंत्री ती पाळतात की नाही हे बघायचं काम मुख्यमंत्र्यांचं आहे.