महागड्या खोलीचा फक्त फरकच भरावा लागतो का?

'आरोग्य विम्यात खोलीभाड्याला मर्यादा असली तरी महागडी खोली खुशाल घ्या, वरचा फरक तेवढा भरायचा,' असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतंय. हिशोब तसा सरळ वाटतो, पण बऱ्याच पॉलिसींत तो वेगळा असतो. समजा मर्यादा रोजची ५,००० आणि खोली ८,०००ची. मग सर्जनच्या ८०,००० फीमधलेही ५०,०००च मिळतात, त्याच प्रमाणात. कारण अनेक हॉस्पिटलांत खोलीच्या दर्जाप्रमाणे डॉक्टरांचे, ऑपरेशन थिएटरचे दरही चढतात. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूला मात्र ही कपात लागत नाही. खोलीनुसार दर न बदलणाऱ्या हॉस्पिटलात तर ती लावताच येत नाही. हे जरूर लक्षात ठेवा. पॉलिसीत 'प्रपोर्शनेट डिडक्शन' (म्हणजे हीच प्रमाणात होणारी कपात) हे कलम शोधा आणि दाखल होण्याआधी बिलिंग काउंटरवर खोलीनिहाय दरपत्रक मागा.