काळी वाळू आणि तापणारी चकती

रत्नागिरीला मांडवीच्या पुळणीवर गेलात तर प्लास्टिकच्या पिशवीत लोहचुंबक घालून वाळूवरून फिरवून पाहा. पिशवीला काळ्या मिशा फुटतात. काही कण टक्कन उडून चिकटतात, काही जेमतेम लोंबतात, काही ढिम्म हलत नाहीत. दिसायला सगळे काळेच, पण कुणात टायटॅनियम जास्त, कुणात कमी.

कणाकणांतला असाच फरक आजच्या मोठ्या हार्ड डिस्कना छळतो. डिस्कवरची माहिती कणांच्या चुंबकीय दिशेत लिहिलेली असते. जागा वाचवायची तर कण बारीक हवेत. पण साधा चुंबकीय कण फार बारीक केला, की खोलीच्या उष्णतेनेही त्याची दिशा फिरते आणि लिहिलेलं पुसलं जातं. म्हणून लोह-प्लॅटिनमचे ७-८ नॅनोमीटरचे हट्टी कण वापरतात. ते इतके हट्टी, की लिहिणाऱ्या चुंबकालाही दाद देत नाहीत. मग लेझरने तेवढाच ठिपका नॅनोसेकंदभर तापवायचा. साधारण ४७५ अंश सेल्सिअसला लोह-प्लॅटिनमचं चुंबकत्वच मावळतं. हाच त्याचा क्यूरी बिंदू. निवताना कण समोरच्या चुंबकाची दिशा धरून गोठतो. सीगेटने २०२४ मध्ये अशा ३० टेराबाइटच्या डिस्क जाहीर केल्या.

आपला कातळ असाच लिहिला गेलाय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा निवला आणि पृथ्वीच्या चुंबकाची तेव्हाची दिशा त्यात गोठली. सह्याद्रीतल्या बऱ्याच थरांत ती आजच्या उलट आहे! कातळातले कणही एकसारखे नाहीत, पण मूठभर दगडात ते अगणित असल्यामुळे चुका एकमेकींत विरून जातात. डिस्कवरच्या एका बिटच्या, म्हणजे माहितीच्या सर्वांत लहान तुकड्याच्या, वाट्याला मात्र बोटांवर मोजण्याइतकेच कण येतात. त्यातला एक चुकला तरी जाणवतं.

तो चुकतो कसा? क्यूरी बिंदू प्रत्येक कणाचा थोडा वेगळा असतो. लहान कणात पृष्ठभागावरचे अणू जास्त, त्यांना शेजारी कमी, म्हणून त्याचा बिंदू खाली. लोह आणि प्लॅटिनमचे थर आलटून पालटून नीट रचले गेले नसतील, तरीही बिंदू हलतो. खालच्या बिंदूचा कण उशिरा गोठतो. तोवर चुंबकाची दिशा पुढच्या बिटसाठी पालटलेली असते. दोन बिटांमधली सीमा अशी दातेरी होते.

इथे मला भाट्याची सपाट पुळण आठवते. पाणी हातभर चढलं तरी भरतीची रेघ कितीतरी आत सरकते. रत्नदुर्गाखालच्या कड्यावर तेवढ्याच पाण्याने रेघ हातभरच वर जाते. तापलेल्या ठिपक्यापासून बाजूला जाताना तापमान जसं उतरतं, तो उतारही असाच कड्यासारखा खडा ठेवला, की क्यूरी बिंदूतल्या फरकाने सीमा फारशी सरकत नाही. त्यासाठी सोन्यासारख्या धातूच्या सूक्ष्म टोकातून प्रकाश दाबून इवल्याशा जागेत उतरवतात. उरलेल्या चुका गणिती संकेत दुरुस्त करतात, पण त्या संकेतांनाही डिस्कवर जागा लागतेच.

खरी कसोटी कण घडवतानाच लागते. अणूंची रचना नीट बसावी म्हणून थर देताना चकती चांगली तापवावी लागते, आणि जास्त तापवली की कण फुगतात, एकमेकांना चिकटतात. म्हणून त्यांच्यामध्ये कार्बन भरतात.