मकबऱ्याच्या मागे राहिलेलं शहर

औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे, जुने फोटो शोधायला बसलं की आधी बीबी का मकबरा येतो, मग दौलताबाद, मग वेरूळ. गुलमंडी, शहागंज हे बाजार शोधता शोधता दमायला होतं. कॅमेरा कुणाच्या हातात होता हे पाहिलं की त्याचं कारण कळतं.

मराठवाड्यात कॅमेरा गावाआधी लेण्यांत पोचला. मद्रास सैन्यातला रॉबर्ट गिल १८४४ साली अजिंठ्याची चित्रं उतरवायला नेमला गेला. वर्षानुवर्षं खपून रंगवलेल्या त्याच्या बहुतेक प्रतिकृती १८६६च्या डिसेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पण तोवर त्याने फोटोग्राफीही हाती घेतली होती आणि १८६४ साली त्याच्या फोटोंची पुस्तकं लंडनमध्ये निघाली होती. त्या काळी काचेवर रसायन चढवायचं आणि ते ओलं असतानाच फोटो घेऊन काच धुवायचीही. म्हणजे कॅमेऱ्याशेजारी काळोखा तंबू हवाच. एवढं बिऱ्हाड घेऊन भाजीबाजारात कोण उभा राहणार?

पुढे सहाव्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर राजा दीनदयाळ आले. १८९२च्या त्यांच्या अल्बममध्ये निजामाच्या मुलखातली ठिकाणं आहेत. काम देखणं, पण संस्थानाची शान दाखवायला केलेलं. १९०० साली मनमाडकडून रेल्वे आली, १९१४ साली गुलाम याझदानींच्या हाताखाली निजामाचं पुरातत्त्व खातं सुरू झालं. खात्याला वास्तू हवी होती, तिच्यासमोरून जाणारा माणूस नको होता.

म्हणून माझा हट्ट असा, की मकबऱ्याच्या फोटोत मकबरा सोडून बाकीचं बघावं. मागचा उघडा माळ, कडेची पायवाट, कोपऱ्यात हललेली माणसाची पुसट आकृती. शहर असलंच तर तिथे आहे.

बाकीचं घरोघरच्या ट्रंकांत आहे, आणि तिथे एक गोम आहे. फोटोमागे उर्दूत साल लिहिलेलं असतं, समजा १३४५. बघणारा त्याला हिजरी धरून १९२६-२७ म्हणून मोकळा होतो. पण निजामाच्या राज्यात कारभार फसली सालावर, म्हणजे महसुलासाठीच्या वेगळ्या कालगणनेवर, चालायचा. त्यात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणजे १९३५-३६. नऊ वर्षांचा घोळ! जमिनीच्या जुन्या कागदांवर फसली साल वाचणारी माणसंही फोटो हातात आला की फसतात. लग्नाच्या फोटोत फार तर नवरदेवाचं वय चुकेल. पण १३५७ लिहिलेला फोटो फसलीने ऑक्टोबर १९४७ नंतरचा, रझाकारांच्या धामधुमीतला, पोलीस ॲक्शनच्या वर्षातला. हिजरी धरला तर तोच १९३८चा होतो, आणि फोटोतली माणसं अशी भेदरल्यासारखी का उभी आहेत, हा प्रश्नच कुणाला पडत नाही.