दाण्याआधीचा थांबा

माझे आजोबा माण तालुक्यात शाळूच्या राखणीला माळ्यावर उभे राहायचे. कणसात दाणा भरला की भोरड्यांचे थवे काळ्या ढगासारखे उतरायचे आणि आजोबा घसा फोडून ओरडत गोफण फिरवायचे. त्यांचा नातू साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, तोच शाळू विकत आणून पक्ष्यांपुढे ठेवतो आणि ते आले नाहीत की खट्टू होऊन बसतो. आजोबा असते तर काय म्हणाले असते, ते इथे छापण्यासारखं नाही.

पहिल्या वर्षी मीही सगळे करतात तेच केलं. कंपाउंडच्या भिंतीवर निळं प्लॅस्टिकचं ताट, त्यात मूठभर ज्वारी, आणि खिडकीत कॅमेरा. फोटो शेकड्यांनी मिळाले. बहुतेकांत पक्ष्याची पाठ, खाली घातलेली मान आणि ते निळं ताट. दाणे टिपणारा पक्षी फोटोला वाईटच दिसतो, कारण तो जेवत असतो. जेवताना माणसांचे तरी फोटो कुठे बरे येतात!

मग काही दिवस कॅमेरा बाजूला ठेवून नुसतं बघत बसलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. पक्षी सरळ ताटात उतरत नाही. आधी जवळपास कुठेतरी थांबतो, मान इकडे-तिकडे करतो, आणि मग खाली येतो. पुढचं सगळं गणित त्या थांब्याचं आहे.

ठिपकेवाल्या मुनियेचं वजन जेमतेम 12 ते 15 ग्रॅम. एवढ्याशा देहात साठा फारसा राहत नाही, रात्रभरात साठवलेली चरबी जळते, त्यामुळे सकाळी खाणं भागच असतं. पण चोच दाण्यात असताना शिक्र्यासारखा शिकारी पक्षी किंवा बोका दिसायला उशीर होतो. म्हणजे प्रत्येक घासामागे भूक आणि भीती यांचा सौदा. उतरण्याआधीचा थांबा म्हणजे त्या सौद्यातली घासाघीस. थव्यात पहाऱ्याचं काम वाटून घेता येतं, डोळे जास्त असतात, म्हणून थव्यातला प्रत्येक पक्षी मान कमी वेळा वर करतो. मुनिया एकदम वीस उतरतात. एकटा बुलबुल मात्र मिनिटभर फांदीवर बसून विचार करतो. फोटोसाठी बुलबुल परवडला.

तेव्हा हा थांबा आपणच मांडायचा. ताटापासून हात-दीड हात अंतरावर, ताटाहून थोडी उंच अशी एक वाळकी फांदी खोचायची. माझी बाभळीची आहे, काटे काढलेली, सालीला छान खडबडीतपणा असलेली. जवळपास दुसरं बसायला सोयीचं काही ठेवायचं नाही. वायर, दोरी, नळाचा पाइप, सगळं हलवायचं. मग पक्ष्याला तीच फांदी घ्यावी लागते. दाट झुडूप दोन-तीन मीटरवर असावं, संकटात पळून जायला. अगदी खेटून नको, कारण झुडपात पळणाऱ्याला जशी जागा मिळते तशीच टपून बसलेल्या बोक्यालाही मिळते. शेजारच्या बोक्याने हे मला एका होल्याची पिसं अंगणभर पसरून शिकवलं. वाऱ्याचाही विचार करावा. पक्षी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उतरतो. फांदी अशी लावावी की वारा कॅमेऱ्याच्या बाजूने किंवा आडवा येईल, नाहीतर पुन्हा पाठच.

आता भिंगाचा हिशेब. माझ्याकडे 300 मिलिमीटरचं साधं भिंग आणि छोट्या सेन्सरचा कॅमेरा आहे. फांदी चार मीटरवर ठेवली तर चौकटीत आडवी जागा मावते साधारण 29 सेंटीमीटर. मुनिया 11 सेंटीमीटरची, म्हणजे चौकटीचा तिसरा हिस्सा भरून थोडी उरते. ताट आपोआप बाहेर राहतं. भिंगाचं छिद्र एफ 5.6 या मापावर ठेवलं की स्पष्ट दिसणारा पट्टा मात्र फक्त चार सेंटीमीटर जाड. पक्षी आडवा बसला तर चोचीपासून शेपटीपर्यंत रेखीव येतो, आपल्याकडे तोंड करून बसला तर डोळा स्पष्ट आणि शेपटी धुक्यात.

मागची भिंत फांदीच्या अर्धा मीटर मागे असेल तर तिच्यावरचे पोपडेसुद्धा फोटोत कटकट करतात. तीच पार्श्वभूमी सहा मीटर मागे गेली की तिच्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा डाग पाचपटीहून जास्त पसरतो आणि सगळं मऊ हिरवं होऊन जातं. मी म्हणूनच भिंत सोडली आणि फांदी अंगणाच्या मधोमध आणली. मागे कुंपणालगत शेवगा आणि आंबा आहे. लोक ज्याला महागड्या भिंगाची करामत समजतात, ती बरीचशी या सहा मीटरची असते.

खिडकी पश्चिमेला, त्यामुळे सकाळी सूर्य माझ्या पाठीशी. घराची सावली आखडत गेली की साडेआठच्या सुमारास ऊन फांदीवर येतं आणि पक्ष्याच्या डोळ्यात तो एक चमकता ठिपका उमटतो, ज्याच्यावाचून डोळा मेल्यासारखा दिसतो. संध्याकाळी सूर्य समोर येतो आणि यवतेश्वरच्या डोंगराआड लवकर जातो, म्हणून तेव्हा मी चहा पितो.

पक्ष्यांचे डोळे खोबणीत फारसे फिरत नाहीत, म्हणून बघायचं तर अख्खी मान फिरवावी लागते. ती फिरते झटक्याने, आणि दोन झटक्यांच्या मध्ये डोकं अगदी स्थिर राहतं. पारव्याची चालताना पुढेमागे होणारी मान सगळ्यांनी पाहिली आहे. 1978 मध्ये पारव्यांना फिरत्या पट्ट्यावर चालवून पाहिलं, तेव्हा भोवतालचं दृश्य जागच्या जागी राहिल्यामुळे मान हलणं थांबलं. ती लकब तोल सावरण्यासाठी नसून नजर स्थिर ठेवण्यासाठी होती. छायाचित्रकाराच्या उपयोगाचं एवढंच, की शटरचा वेग 1/1000 सेकंद ठेवून लागोपाठ चार-पाच फोटो काढले तर त्यातला एखादा तरी झटक्यांच्या मधल्या शांत क्षणात पडतो.

लपण म्हणून खिडकीला जुनं लुगडं लावलं आहे, भिंगापुरतं भोक पाडून. काच उघडी. नुसतं हालचाल न करता बसणं पुरत नाही. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2008 मध्ये आपल्या साळुंकीच्या नात्यातल्या युरोपीय स्टार्लिंगवर प्रयोग केले. माणसाची नजर खाण्याच्या ताटलीवर असली तर पक्षी उशिरा खायला येत, नजर वळवलेली असली तर लवकर. माणूस तोच, अंतर तेच. भिंगाचा मोठा काळा डोळा त्यांना कसा वाटत असेल, याचा माझा अंदाज त्यावरून बांधलेला आहे. म्हणून फोटो काढायचे नसले तरी त्या भोकात काळ्या रंगाचा रिकामा डबा बसवलेला असतो. पंधरा दिवसांत त्यांना तो घरातल्या सामानासारखा झाला.

दाण्याविषयी थोडक्यात. मुनियांना राळा आणि बाजरी, चिमण्यांना कणी आणि बाजरी, होल्यांना ज्वारी. बुलबुलाला पपईची फोड. फरसाण, शेव, खारे दाणे नकोत, एवढ्याशा शरीराला ते मीठ झेपत नाही. मुंग्यांसाठी आजीच्या दुधाच्या कपाटाची युक्ती चालते, ताट ज्यावर ठेवतो त्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत.

पण दयाळ, नाचण, शिंपी यांना दाण्याचं काय? ते किडे खाणारे. त्यांना बोलावतं पाणी. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. शरीराचं तापमान मुळातच 40 अंशांच्या पुढे, आणि उन्हाळ्यात ते आवरण्यासाठी चोच उघडून धापा टाकायच्या, म्हणजे पाणी वाफेने उडवायचं. गेलेलं भरून काढायला हवं. मी कुंभाराकडून मातीचं पसरट परळ आणलं, कडेला दोन बोटं आणि मध्ये चार बोटं पाणी, तळ खरखरीत. वर महादेवाच्या पिंडीवर असते तशी गळती टांगली. थेंब पडू लागला तसे पक्षी वाढले. साठलेल्या पाण्यापेक्षा हलणारं पाणी त्यांना लांबून कळतं. एप्रिलमध्ये माझे निम्म्याहून जास्त चांगले फोटो या परळापाशीच मिळाले.

इथवर सगळं हौसेचं. आता त्रासाचं. एरवी विखुरलेले पक्षी आपण एका ताटात जेवायला बसवतो, तेव्हा त्यांची दुखणीही एकत्र करतो. ब्रिटनमध्ये 2005 नंतर ग्रीनफिंच नावाचा बागेतला पक्षी ट्रायकोमोनास या सूक्ष्मजीवामुळे प्रचंड संख्येने मेला. हा जीव पारव्या-होल्यांच्या घशात नेहमीचा, लाळ लागलेल्या ओल्या दाण्यातून आणि पाण्यातून पसरतो. कोरडं पडलं की मात्र तो फार टिकत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा ताट आणि परळ ब्रशने घासायचं, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा मिश्रणात बुडवायचं, स्वच्छ धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवायचं. दोन जोड ठेवले की खाडा पडत नाही. अंग फुगवून, डोळे मिटून बसलेला पक्षी दिसला तर दाणा दोन आठवडे बंद. असा पक्षी फोटोला जवळ येऊ देतो, आणि नवखे खूश होतात.

शेंगदाण्याबाबत मी जास्तच कडक आहे. 1960 मध्ये इंग्लंडात लाखभर टर्की पटापट मेल्या, आणि खापर अखेर फुटलं ते खाद्यातल्या बुरशी लागलेल्या शेंगपेंडीवर. अफ्लाटॉक्सिन हे विष माणसाला कळलं ते त्यातून. साताऱ्याच्या पावसात शेंगदाणा चार दिवसांत बुरसटतो. जूनमध्ये मी दाणा पूर्ण थांबवतो. तेव्हा किड्यांची रेलचेल असते, आणि दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना किडेच भरवते. या दिवसांत घरट्यापाशी कॅमेरा नेत नाही, मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज लावत नाही. आवाज ऐकून नर आपला मुलूख राखायला धावत येतो आणि पिल्लांच्या वाट्याचा वेळ नसलेल्या शत्रूवर घालवतो.

बाभळीची फांदी मात्र पावसातही जागेवर असते. गेल्या जानेवारीत एका सकाळी अंगण अचानक गप्प झालं. खारीने एकच चित्कार केला आणि मुनिया कढीपत्त्यात दडल्या. लुगड्यामागून पाहिलं तर मी मुनियांसाठी खोचलेल्या फांदीवर शिक्रा बसला होता, लाल डोळा थेट लुगड्याच्या भोकावर रोखून. चार मीटर, 300 मिलिमीटर, आडवा कॅमेरा. चौकटीची उभी जागा एकोणीस सेंटीमीटर. फोटोत डोकं आहे, छाती आहे, फांदीही नीट आहे. पायांपासून खालचा शिक्रा बाहेरच राहिला.