कुळाचं नाव सातबाऱ्यावर कसं आलं : पुणे जिल्ह्यातली पार्श्वभूमी

हवेली, मुळशी, खेड, मावळ भागात जमीन घ्यायला निघालेला माणूस सातबारा हातात पडला की आधी 'इतर हक्क' हा रकाना बघतो. तिथे 'कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र' असा शेरा दिसला की तो दचकतो, भाव पाडून मागतो. विकणाऱ्या घरालाही वाटू लागतं की आपल्याच जमिनीत काहीतरी खोट आहे. खोट काही नाही. या घरातलं कुणीतरी कूळ म्हणून दुसऱ्याच्या नावावरची जमीन कसत होतं आणि कायद्याने तिचं मालक झालं, एवढंच तो शेरा सांगतो. पण तिथवर यायला शंभराहून जास्त वर्षं लागली.

पेशवाईत इथल्या गावांमध्ये मिरासदार आणि उपरी असे दोन प्रकारचे कसणारे होते. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा, उपऱ्याचा करारापुरता. इंग्रजी अमलात प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात पहिली मोठी मोजणी केली. तिच्यावर बसवलेला सारा इतका जड झाला की लोक रानं पडीक टाकून निघून गेले. म्हणून १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नव्याने सुरुवात केली. प्रत्येक सर्वे नंबरावर तीस वर्षांसाठी ठरलेला सारा, आणि तो भरणारा माणूस सरकारदरबारी खातेदार. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात रुळली.

खातेदाराचा हक्क पक्का झाला आणि त्याबरोबर जमीन गहाण टाकणं, लिलावात जाणंही सोपं झालं. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले, त्यात साऱ्याची फेरआकारणी वाढीव झाली. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता, ते काढून जाळले गेले. आपली जमीन कागदाने नेली हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. पण ज्यांची जमीन आधीच गेली होती त्यांतले अनेकजण पूर्वीच्या स्वतःच्याच रानात कूळ म्हणून राबत राहिले.

त्याची किंमत मुळशीत दिसली. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळा-निळा खोऱ्यात धरण ठरलं, १८९४ च्या भूसंपादन कायद्याने जमिनी घेतल्या जाऊ लागल्या, आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह उभा राहिला. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. मावळ्यांच्या त्या लढ्याचं स्मरण आपण करतो, पण त्यातली एक गोष्ट फार कमी सांगितली जाते. खोऱ्यातल्या पुष्कळ जमिनी पुण्यातल्या सावकारांच्या नावावर होत्या. धरणाखाली जाणार होतं ते कुळाचं भातखाचर, आणि नुकसानभरपाईवर पहिला हक्क होता कागदावरच्या मालकाचा. त्यामुळे मालकांचा मोठा भाग मोबदला घ्यायला राजी झाला आणि लढा आतून पोखरला गेला. कुळाचं नाव त्या वेळी कागदावर मालक म्हणून असतं तर लढ्याचं पारडं वेगळं झुकलं असतं, असं मला ठामपणे वाटतं.

संरक्षित कूळ, म्हणजे मालकाला मनाला येईल तेव्हा काढता न येणारं कूळ, ही तरतूद १९३९ च्या कायद्याने आली, १९४८ च्या कूळकायद्याने ती बळकट झाली. खरी उडी १९५६ च्या दुरुस्तीने मारली. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारं कूळ त्या जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. पुढची पायरी कलम ३२ ग ची : शेतजमीन न्यायाधिकरणासमोर चौकशी, आकाराच्या, म्हणजे त्या जमिनीवर बसवलेल्या सरकारी साऱ्याच्या, २० ते २०० पटींच्या मर्यादेत किंमत, ती एकरकमी किंवा हप्त्यांनी भरायची आणि मग कलम ३२ म चं खरेदीचं प्रमाणपत्र. त्याची नोंद फेरफाराने सातबाऱ्यावर चढली की काम पुरं.

घात झाला तो या पायऱ्यांवर. १९४८ नंतर कृषकदिन येईपर्यंत मधली वर्षं मालकांना मिळाली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वि. म. दांडेकर आणि खुदनपूर यांनी १९४८ च्या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी केली. कुळांनी 'स्वखुशीने' जमिनी सोडल्याचे प्रकार तिच्यात मोठ्या प्रमाणावर समोर आले. ज्याचं पोट त्याच रानावर, तो ते खुशीने कशाला सोडेल? तोंडी बोलीवर कसणाऱ्यांकडे पावती नव्हती. पीकपाहणीत मालकाचंच नाव लागत राहिलं. मालक विधवा किंवा अज्ञान असेल तर कुळाचा खरेदीचा हक्क पुढे ढकलला जाई आणि कुळाने ठरल्या मुदतीत स्वतः कळवायचं असे. अक्षरओळख नसलेल्या माणसाकडून ही अपेक्षा ठेवणं हाच अन्याय होता. असे कितीतरी दावे पुढच्या पिढ्यांपर्यंत चालले. आणि जे कूळ ३२ ग च्या चौकशीला हजरच झालं नाही, त्याची खरेदी निष्फळ ठरण्याची पाळी आली.

कलम ४३ चं बंधन या पार्श्वभूमीवर समजून घ्यावं लागतं. मिळालेली जमीन पुन्हा सावकाराकडे जाऊ नये म्हणून परवानगीशिवाय विक्री, बक्षीस, गहाण, पट्टा यांना मनाई केली गेली. हेतू रास्त होता. पण शहर हिंजवडीच्या पुढे सरकलं तशी हीच परवानगी अडवणुकीचं साधन बनली. २०१४ च्या दुरुस्तीने खरेदीला दहा वर्षं झालेल्या जमिनींसाठी पूर्वपरवानगीची अट काढली. आता परवानगीऐवजी सरकारला आकाराच्या चाळीस पट नजराणा भरायचा असतो. आकार जुना असल्याने ही रक्कम बाजारभावापुढे अगदी किरकोळ असते. हे माहीत नसल्याने आजही कुटुंबं एजंटाला भलतीच रक्कम देतात किंवा पडेल भावात विकून मोकळी होतात.

ज्यांच्या घरी ३२ म चं प्रमाणपत्र ट्रंकेत पडून आहे पण फेरफार झालेलाच नाही, त्यांचं काम अजून बाकी आहे. संगणकीकृत सातबारा जुनी नोंदच पुढे नेतो, राहून गेलेली नोंद आपोआप चढवत नाही. त्यासाठी प्रमाणपत्राची प्रत घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागतो आणि मूळ खरेदीदार हयात नसेल तर वारसनोंदही करून घ्यावी लागते. तीत घरातल्या मुलींची नावं गाळू नयेत.