अतिरिक्त कार्यभार आणि प्रतिनियुक्ती: फरक काय?

पुण्यातल्या एखाद्या सरकारी कार्यालयात लेखा अधिकारी बदलले की 'नवे साहेब आले' एवढंच आपल्या कानावर येतं. ते कोणत्या आदेशाने आले, हे मात्र कुणी विचारत नाही. विचारायला हवं, कारण आपलं देयक (बिल) किती दिवस पडून राहणार हे बऱ्याचदा त्यावरच ठरतं.

अतिरिक्त कार्यभारात पद रिक्तच राहतं. समजा, भोरच्या उपकोषागार अधिकाऱ्यांकडे (तालुक्यातली सरकारी देयकं मंजूर करणारे अधिकारी) मुळशीचाही कार्यभार दिला. आदेशात 'मूळ पदाचा कार्यभार सांभाळून, पुढील आदेशापर्यंत' असं लिहिलेलं असतं. अधिकार दोन्हीकडचे मिळतात, पण माणूस एकच. भोरला असतील त्या दिवशी ते मुळशी तालुक्याच्या ठिकाणी, पौडला, नसतात. कनिष्ठ लेखापाल देयक तपासून, आक्षेप नसल्याची खात्री करून ठेवतो. पुढची मंजुरी साहेबांच्या हातात. मार्चअखेरीला दोन्ही तालुक्यांची देयकं एकाच वेळी येऊन आदळतात, तेव्हा दोष टेबलावरच्या कर्मचाऱ्याला लागतो. हे मला फार अन्यायाचं वाटतं. रजेपुरता किंवा बदलीच्या मधल्या काळापुरता असा कार्यभार देणं समजू शकतं; पण 'पुढील आदेश' महिनोन्महिने निघतच नाही, तेव्हा ती सोय न राहता पदभरती टाळणं होतं.

प्रतिनियुक्तीवर मात्र माणूस खरोखर येतो आणि पूर्णवेळ बसतो. महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेतले अधिकारी पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), म्हाडा अशा संस्थांत जातात ते असेच. आदेशात मुदत असते आणि मूळ सेवेतला धारणाधिकार, म्हणजे मूळ पदावर परतण्याचा हक्क, कायम राहतो. पगार संस्थेच्या निधीतून निघत असेल तर ती स्वीयेतर सेवा (शासनाबाहेरच्या संस्थेतली सेवा) ठरते. तिचे नियम 1981 चे आहेत. अशा वेळी रजावेतन आणि निवृत्तिवेतनाचं अंशदानही (ठरलेला हिस्सा) शासनाकडे भरावं लागतं. सहसा ते अधिकारी घेणारी संस्थाच भरते.

पण एकीकडे खुर्ची भरली की दुसरीकडे रिकामी होते, कारण संवर्ग, म्हणजे अधिकाऱ्यांचा गट, एकच. कोषागारातला अनुभवी अधिकारी प्रतिनियुक्तीवर गेला आणि बदली माणूस मिळाला नाही, तर त्याच्या जागी काय येतं? बहुधा अतिरिक्त कार्यभारच.

म्हणून काम अडलं असेल तर आधी नियुक्तीच्या आदेशाची प्रत मागा. ती माहितीच्या अधिकारातही मागता येते. त्यात मुदत आणि प्रतिनियुक्तीच्या अटी असतील, तर अधिकारी पूर्णवेळ आहेत. 'मूळ पदाचा कार्यभार सांभाळून' असेल, तर ते कोणत्या वारी बसतात हे विचारून घ्या आणि पद भरण्याबद्दलचा अर्ज लेखा व कोषागारे सहसंचालकांच्या पुणे विभागाच्या कार्यालयात द्या.